मधल्या घराचे उत्पन्न
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला अर्थशास्त्रातला एखादा विषय घेऊन बोलण्यास सांगितले. आम्ही काही अर्थशास्त्राचे प्राध्यापक नव्हे. कला शाखेची पदवी घेतली आणि गेली वीस-बावीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसून पैसे मोजतो आहोत. पैसे मोजणे सोपे असते. माणसाचे उत्पन्न मोजणे किती अवघड असते, हे मात्र आम्हाला एका विद्यार्थ्याने शिकवले.

शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी हा मुलगा एका संध्याकाळी आमच्याकडे आला होता. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न लिहायचे होते. वडील नाक्यावर उभे राहतात. काम मिळाले तर मिळाले. आई चार घरची धुणीभांडी करते. मोठा भाऊ एका दुकानात आहे, पण पगारातले किती घरी देतो ते त्याचे त्यालाच ठाऊक. "साहेब, आकडा काय लिहू?" असे त्याने विचारले आणि आम्ही निरुत्तर झालो. पगारदार माणसाला पगारपत्रक असते. हातावर पोट असलेल्याला काय असते?

एका घराची ही कथा, तर हजारो घरांच्या एका प्रदेशाचे उत्पन्न सांगायचे झाल्यास काय करावे? अमेरिकेत हे काम दरवर्षी तीन हजारांहून अधिक काउंट्यांसाठी केले जाते, आणि ते कसे केले जाते ते सरकार छापून जाहीर करते. पद्धत खुली असल्यामुळे आपल्यासारख्यांनाही ती अभ्यासता येते. म्हणून आज आम्ही तिथलेच उदाहरण घेतले आहे.

प्रथम काउंटी म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत देशाखाली राज्ये आणि राज्यांखाली काउंट्या असतात. लुइझियाना राज्यात त्यांना पॅरिश म्हणतात. आपल्या जिल्ह्याशी तुलना करता येईल, पण आकारात भलताच फरक आहे. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या एक कोटीच्या वर भरली, आणि टेक्सासमधील लव्हिंग काउंटीची भरली अवघी ६४! आपल्या एका चाळीत याहून अधिक माणसे राहतात. पण कायद्याच्या दृष्टीने दोन्ही काउंट्याच, आणि दोन्हींचा आकडा हवाच.

आता कोणता आकडा, ते पाहू. शाळेत तुम्ही मध्य, मध्यक आणि बहुलक शिकलात. मध्य म्हणजे आपली नेहमीची सरासरी. मध्यक म्हणजे सर्वांना लहान ते मोठे असे ओळीने उभे केले असता बरोबर मध्ये येणारा. समजा एका वस्तीत नऊ घरे आहेत. त्यांचे वार्षिक उत्पन्न हजारांत सांगायचे तर १८, २२, २७, ३१, ३८, ४५, ५२, ७० आणि नववे घर ९५७. बेरीज झाली १२६०. नऊने भागा, सरासरी आली १४०, म्हणजे एक लाख चाळीस हजार. आता सांगा, या नऊपैकी किती घरे सरासरीपर्यंत पोचतात? फक्त एक. उरलेली आठही घरे सरासरीच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली आहेत. मध्यक मात्र पाचव्या घराचा, म्हणजे अडतीस हजार. या वस्तीतले माणूस कसे जगते हे अडतीस हजार सांगतात, एक लाख चाळीस हजार सांगत नाहीत.

हा केवळ वर्गातला खेळ नव्हे. २०१९ साली अमेरिकेत कुटुंबांचे सरासरी उत्पन्न ९८,०८८ डॉलर होते आणि मध्यक उत्पन्न ६८,७०३ डॉलर. मधल्या घरात आणि सरासरीत जवळजवळ तीस हजार डॉलरचे अंतर! त्याच वर्षी गोऱ्या, हिस्पॅनिक नसलेल्या कुटुंबांचा मध्यक ७६,०५७ डॉलर होता आणि कृष्णवर्णीय कुटुंबांचा ४५,४३८ डॉलर. एकच देश, एकच वर्ष, पण मधले घर कोणाच्या ओळीतले घेता यावर आकडा बदलतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याची गरज पडेल.

आता हे उत्पन्न गोळा कसे करतात? अमेरिकेच्या जनगणनेत उत्पन्नाचा प्रश्न प्रथम १९४० साली आला. मागील वर्षी मजुरी व पगारातून किती मिळाले, असा तो प्रश्न होता. त्यावर मोठे वादळ उठले. न्यू हॅम्पशायरचे सिनेटर चार्ल्स टोबी यांनी सरकारला असे विचारण्याचा अधिकारच नाही असे म्हणून विरोध केला. अखेर, प्रगणकाला तोंडाने सांगायचे नसेल त्याने वेगळ्या कागदावर लिहून बंद करून द्यावे, अशी सोय करण्यात आली. पाच हजार डॉलरच्या वर ज्याची कमाई असेल त्याच्यापुढे 'पाच हजारांहून अधिक' एवढेच लिहीत. यात मध्यकाची एक खुबी दिसते. श्रीमंताने आपला खरा आकडा झाकला तरी मधले घर जागचे हलत नाही. सरासरी मात्र त्याने बिघडते.

२००० सालापर्यंत दर दहा वर्षांच्या जनगणनेत हा प्रश्न विचारला जाई. त्या वर्षी सुमारे सहा घरांमागे एका घराला लांब प्रश्नावली मिळाली होती. पण दहा वर्षांतून एकदा मोजलेले उत्पन्न नवव्या वर्षी काय कामाचे? म्हणून २००५ पासून 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे' ही पाहणी देशभर सुरू झाली. ती वर्षभर चालूच असते. २०११ नंतर तिच्या नमुन्यात वर्षाला सुमारे पस्तीस लाख पत्ते घेतले जाऊ लागले. पंधरा वर्षे व त्यावरील प्रत्येकाला मागील बारा महिन्यांची मजुरी, धंद्यातला नफा, व्याज, निवृत्तिवेतन, सरकारी मदत असे सर्व विचारतात आणि घरातल्या सर्वांचे मिळून त्या घराचे उत्पन्न धरतात.

पस्तीस लाख हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. परंतु तो तीन हजारांहून अधिक काउंट्यांत वाटला गेला की लहान काउंटीच्या वाट्याला मोजकीच घरे येतात. लहान ठिकाणी नमुन्याचे प्रमाण मुद्दाम वाढवतात, तरीही ती थोडीच. तीस-चाळीस घरांना विचारून मधले घर काढले आणि पुढच्या वर्षी दुसरी तीस-चाळीस घरे आली, तर आकडा एकदम पाच हजारांनी वर किंवा खाली जाऊ शकतो. काउंटी गरीबही झालेली नसते आणि श्रीमंतही. केवळ चिठ्ठ्या वेगळ्या निघालेल्या असतात.

म्हणून ज्या ठिकाणची लोकसंख्या ६५,००० हून कमी, तिथला एका वर्षाचा आकडा या पाहणीच्या नेहमीच्या तक्त्यांत छापत नाहीत. पाच वर्षांचे मिळून एकत्र देतात. चारपैकी सुमारे तीन काउंट्या या मर्यादेच्या खाली आहेत. पाच वर्षे एकत्र केली की आकडा स्थिर होतो हे खरे, पण तो शिळाही होतो. गावातला कारखाना यंदा बंद पडला, तर त्या पाचांपैकी चार वर्षे अजून चालू कारखान्याचीच असतात.

मोठ्या शहराला ताजा आकडा आणि लहान गावाला शिळा, असे का असावे? ज्याच्याजवळ माणसे थोडी, त्याची दखलही थोडी? विद्यार्थी मित्रहो, हा प्रश्न गणिताचा आहे तसाच न्यायाचाही आहे, हे सांगण्यासाठीच आम्ही आज उभे आहोत.

या प्रश्नाला पहिले चांगले उत्तर मिळाले ते १९७० च्या दशकात. १९७२ च्या एका कायद्यान्वये अमेरिकेचे केंद्र सरकार आपल्या महसुलातला वाटा हजारो स्थानिक संस्थांना देऊ लागले. वाटप ठरवताना दरडोई उत्पन्न हा एक घटक होता. पाचशेहून कमी वस्तीच्या गावांचे नमुन्यावरून काढलेले उत्पन्न भरवशाचे नव्हते. तेव्हा काय केले? त्या गावाला त्याच्या संपूर्ण काउंटीचा आकडा चिकटवून दिला. म्हणजे काउंटी सधन असली की तिच्यातले गरीब खेडेही कागदावर सधन झाले, आणि त्याचा वाटा कमी झाला!

रॉबर्ट फे आणि रॉजर हेरियट या दोघांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात यावर तोडगा मांडला. गावाचा स्वतःचा नमुना पूर्ण फेकू नका आणि त्यावर पूर्ण विसंबूही नका. गावाविषयी दुसरीकडून जी माहिती आहे, जसे की कराची विवरणपत्रे, घरांच्या किमती, तिच्यावरून एक अंदाज बांधा. मग गावाचा नमुना आणि हा अंदाज या दोहोंची सांगड घाला.

हे समजायला क्रिकेटचे उदाहरण घेऊ. एखाद्या नव्या फलंदाजाने पहिल्या दोन डावांत ९० आणि ११० धावा काढल्या. त्याची सरासरी शंभर. तो जन्मभर शंभरच्या सरासरीने खेळेल असे कोणी मानतो का? आपण मनात म्हणतो, चांगला आहे, पण अजून दोनच डाव झाले. आपण त्याला इतर चांगल्या फलंदाजांच्या सरासरीकडे थोडे ओढून पाहतो. शंभर डाव झाल्यावर मात्र त्याच्याच सरासरीवर विश्वास ठेवतो. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी १९७७ साली बेसबॉलच्या १८ खेळाडूंचे आकडे घेऊन हेच दाखवले, की असे ओढून घेतलेले अंदाज एकंदरीत सत्याच्या अधिक जवळ जातात.

आज अमेरिकेचा जनगणना विभाग, म्हणजे सेन्सस ब्युरो, काउंटीचे मध्यक उत्पन्न याच रीतीने काढतो. या कामाचे नाव 'स्मॉल एरिया इन्कम अँड पॉव्हर्टी एस्टिमेट्स'. आपण त्याला लहान क्षेत्रांचे उत्पन्न व दारिद्र्याचे अंदाज म्हणू. त्याची पायरीपायरीने रीत अशी.

पहिली पायरी, पाहणीतून आलेला त्या काउंटीचा एका वर्षाचा मध्यक घ्यायचा. तो छापण्याजोगा नसला तरी आत वापरता येतो. दुसरी पायरी, त्या काउंटीतून भरलेल्या प्राप्तिकर विवरणपत्रांवरचे मधले उत्पन्न, लोकांच्या एकूण उत्पन्नात सरकारी मदतीचा हिस्सा, आधीच्या मोजणीतला मध्यक, अशी सर्व काउंट्यांची उपलब्ध माहिती घ्यायची. देशभरच्या काउंट्यांत या गोष्टींचा आणि पाहणीतल्या मध्यकाचा काय संबंध दिसतो ते पाहून प्रत्येक काउंटीचा अंदाज बांधायचा. तिसरी पायरी, दोहोंना वजन देऊन एकत्र करायचे.

समजा एका लहान काउंटीत पाहणीचा मध्यक आला ४०,००० डॉलर आणि बांधलेला अंदाज ५०,००० डॉलर. नमुना लहान असल्याने पाहणीला दहापैकी तीन भाग वजन दिले आणि अंदाजाला सात भाग. चाळीस हजारांचे तीन दशांश झाले १२,०००. पन्नास हजारांचे सात दशांश झाले ३५,०००. बेरीज ४७,०००. प्रत्यक्षात ही बेरीज लॉगरिदमवर केली जाते, पण तत्त्व हेच. मोठ्या काउंटीत हजारो घरांना विचारलेले असते; तिथे जवळजवळ सगळे वजन पाहणीलाच मिळते. ज्याचे स्वतःचे पुरावे भक्कम, त्याचेच ऐकायचे. ज्याचे तुटपुंजे, त्याला इतरांच्या अनुभवाचा आधार द्यायचा.

आणि चौथी पायरी, जी आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. आकड्याबरोबर त्याची चूक किती असू शकते तेही छापायचे. एवढ्यापासून एवढ्यापर्यंत, नव्वद टक्के विश्वासाने, असे प्रत्येक काउंटीपुढे लिहिलेले असते. बँकेत आमचा हिशेब पैशापर्यंत जुळावा लागतो. नाही जुळला तर घरी जाता येत नाही. आम्हाला वाटे, आकडा म्हणजे एकच असतो. परंतु अंदाजाचा प्रामाणिकपणा वेगळा असतो. आपण किती चुकू शकतो हे आधीच सांगणे, हाच त्याचा ताळेबंद.

बँकेतला माणूस म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. लोकांची कर-विवरणपत्रे दुसऱ्या खात्याला दिली, तर लोकांची गुपिते फुटणार नाहीत का? तिथे सेन्ससच्या कर्मचाऱ्याला आयुष्यभरासाठी गुप्ततेची शपथ घ्यावी लागते. ती मोडल्यास पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. माणसाला भरवसा असेल तरच तो खरे सांगतो. हे आमच्या काउंटरवरही आम्ही रोज पाहतो.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण आकड्यामागे पैसा जातो. १९६५ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळात शिक्षणाचा जो कायदा झाला, त्याच्या पहिल्या प्रकरणानुसार गरीब मुले जिथे अधिक तिथल्या शाळांना केंद्राची मदत मिळते. ती पूर्वी दशवार्षिक जनगणनेवरून वाटली जाई. म्हणजे १९८९ च्या उत्पन्नावर नव्वदच्या दशकातल्या मुलांचा वाटा ठरे. पहिलीत असलेले मूल आठवीत गेले तरी आकडा तोच! १९९४ च्या कायद्याने ताजे अंदाज वापरण्याचे ठरले. १९९३ सालचे पहिले अंदाज तयार झाले तेव्हा तज्ज्ञ समितीने ते तपासले, आणि १९९७-९८ च्या वाटपात जुने व नवे आकडे मिळून वापरावेत असा सावध सल्ला दिला. या वाटपाला मध्यक उत्पन्न नव्हे, तर गरीब मुलांची संख्या लागते. पण दोन्ही अंदाज एकाच घरचे, एकाच रीतीने काढलेले.

घराच्या बाबतीतही तसेच. तिथल्या गृहनिर्माण खात्याच्या साहाय्यासाठी कोण पात्र, हे त्या भागाच्या मध्यक उत्पन्नावरून ठरते. मध्यकाच्या ८० टक्क्यांच्या आत असणारे अल्प उत्पन्नाचे, ५० टक्क्यांच्या आतले अत्यल्प उत्पन्नाचे. हे खाते परिवाराचा मध्यक घेते, म्हणजे नात्याची किमान दोन माणसे असलेली घरेच. एकटा राहणारा त्यात येत नाही. शब्द जवळचे, पण आकडे वेगळे. अर्ज भरणाऱ्याने ही बारकी अक्षरे वाचलीच पाहिजेत.

आता या आकड्याच्या मर्यादाही सांगतो, कारण ज्याची मर्यादा सांगता येत नाही त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

एक, घरात राहणाऱ्यांचेच उत्पन्न यात येते. तुरुंगातले कैदी, वसतिगृहातले विद्यार्थी, वृद्धाश्रमातली माणसे लोकसंख्येत मोजली जातात, पण मधल्या घराच्या रांगेत ती नसतात. दोन, ज्याचे उत्पन्न फार कमी त्याला कराचे विवरणपत्र भरावे लागत नाही. म्हणजे सर्वांत गरीब माणूस त्या कागदांतही दिसत नाही. गरिबांचा अंदाज काढताना म्हणूनच कागदांवर किती माणसे आहेत आणि प्रत्यक्ष लोकसंख्या किती, यांची तुलना करतात. जो कागदावर नाही, त्याचे नसणेही मोजावे लागते. तीन, मध्यकांची बेरीज होत नाही. तीन खात्यांतली शिल्लक आम्ही मिळवू शकतो. तीन काउंट्यांचे मध्यक मिळवून तिनाने भागले तर येणारा आकडा कशाचाच नसतो. चार, मध्यक मधल्या घराविषयी बोलतो, तळाच्या घराविषयी नाही. व्हर्जिनियातील लाउडन काउंटीचा मध्यक दीड लाख डॉलरच्या वर आहे. तिथेही रात्री ऑफिसे झाडणारी माणसे असतात. दक्षिण डकोटातील ओग्लाला लाकोटा काउंटी देशाच्या तळाच्या काउंट्यांत मोडते. मूळ रहिवाशांच्या पाइन रिज राखीव क्षेत्राची ती भूमी. २०१५ पर्यंत तिचे नाव शॅनन काउंटी होते. तिथल्या लोकांनी मतदान करून आपले स्वतःचे नाव तिला मिळवून दिले. त्या काउंटीला दरवर्षी स्वतःचा आकडा मिळतो, शेजारच्याचा चिकटवला जात नाही, ही गोष्ट लहान नाही.

आपल्यातल्या संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक सांगावेसे वाटते. या विषयावर जगभर वाचला जाणारा 'स्मॉल एरिया एस्टिमेशन' हा ग्रंथ २००३ साली जे. एन. के. राव यांनी लिहिला. ते भारतात जन्मले आणि कॅनडात शिकवत राहिले. हा विषय आपल्या आवाक्याबाहेरचा आहे असे कोणी समजू नये.

मित्रहो, पुढे कोणताही आकडा समोर आला, मग तो वर्तमानपत्रातला असो की सरकारी अहवालातला, तर त्याला चार प्रश्न विचारा. हा सरासरीचा आकडा की मधल्या घराचा? किती जणांना विचारून काढला? चूक किती असू शकते? आणि यात कोण राहून गेले? चौथा प्रश्न आपल्यासारख्यांनी तर कधीच विसरू नये. जो मोजणीत आला नाही, तो वाटपाच्या वेळी आठवत नाही.

जाता जाता त्या मुलाची गोष्ट पुरी करतो. आम्ही त्याला एक वही दिली आणि महिनाभर रोज रात्री वडिलांना काम मिळाले की नाही, मिळाले तर मजुरी किती, एवढेच लिहायला सांगितले. आईची कामाची घरे वेगळ्या पानावर. पावसाळ्यात काम किती कमी होते ते वडिलांना विचारून त्याने ते महिने वेगळे धरले. भावाने घरी दिलेले पैसेही लिहिले. महिन्याने तो आकडा घेऊन आला. तो अंदाजच होता, पण तो कसा काढला हे त्याला ओळीओळीने सांगता येत होते. वडिलांनी ती वही हातात घेऊन बराच वेळ पाहिली. त्यांच्या कष्टाचा हिशेब तोवर कोणी लिहून ठेवला नव्हता.